घरी केलेल्या लग्नपत्रिका आणि पुण्याचा हातकागद

धाकट्या बहिणीच्या लग्नाच्या शंभर पत्रिका घरीच करायचे ठरल्यावर, पुण्यात शिवाजीनगरला १९४० पासून असलेल्या हातकागद संस्थेतून आम्ही सुती चिंध्यांच्या लगद्याचा पांढरट, जाडसर कागद आणला आणि ही निवड मला आजही अगदी योग्य वाटते. ए-४ आकाराच्या एका कागदाचे चार तुकडे होतात, म्हणून २५ पुरले असते. चुकांसाठी १० जास्त घेतले, हे बरेच झाले, कारण घराजवळच्या एका छपाईच्या दुकानाने पहिल्याच फेरीत सहा कागद यंत्रात अडकवून चुरगाळून टाकले.

शेवटी घरच्या शाईच्या प्रिंटरमध्ये एकेक कागद हाताने सरकवून आम्हीच छापले. हा कागद शाई थोडी ओढून घेतो, त्यामुळे बारीक जोडाक्षरे भरून येतात; ‘श्रीकृपेकरून’ वाचता यावे म्हणून अक्षर मोठे आणि मजकूर कमी करावा लागला. कापण्यासाठी मात्र कात्री वापरूच नये. घडीवर ओला कुंचला फिरवून, पट्टी दाबून कागद फाडला की कडेला सुताचे तंतू मोकळे होतात आणि पत्रिकेला जी शोभा येते, ती गुळगुळीत चकचकीत कार्डाला कधीच येत नाही.

हळदीकुंकवाचे बोट जेमतेम ओलसर असावे, नाहीतर डाग मजकुरापर्यंत पसरतो. पाकिटे तयार मिळतात, पण उरलेल्या कागदांची आईने घरीच चिकटवलेली थोडी पाकिटे आम्हाला अधिक आवडली.