एकच सेवा, चार इनिट: बरेच महिने चालवल्यानंतर

इनिट म्हणजे लिनक्स मशिन चालू होताना सर्वांत आधी उठणारा आणि बाकीच्या सेवा सुरू करणारा प्रोग्रॅम. एक छोटा बॅकग्राउंड प्रोग्रॅम (म्हणजेच सेवा) सिस्टमडी, ओपनआरसी, रनइट आणि जुन्या सिस-व्ही मशिनांवर बरेच महिने चालवतोय. स्टार्टअप स्क्रिप्ट लिहायला वेळ लागत नाही. ती नीट बसवण्यातच सगळी गोम आहे.

सर्वांत कमी डोकेदुखी सिस्टमडीची. आपली युनिट फाइल (सेवा कशी चालवायची ते सांगणारी फाइल) एटसी डिरेक्टरीखालच्या सिस्टमडी/सिस्टममध्ये ठेवायची. यूएसआर/लिबखालची जागा पॅकेजची, तिथले बदल पुढच्या अपडेटला पुसले जातात. फाइल बदलली की डेमन-रिलोड (फाइल पुन्हा वाचायला लावणारी आज्ञा) हवंच. नुसतं 'एनेबल' केल्याने बूटसाठीची सिमलिंक (फाइलकडे बोट दाखवणारा दुवा) तयार होते, सेवा लगेच सुरू होत नाही. नेटवर्क खरंच वर आलेलं हवं असेल, तर नेटवर्क-ऑनलाइन टार्गेट (बूटमधला ठरलेला टप्पा) युनिट फाइलच्या 'आफ्टर' आणि 'वॉन्ट्स' दोन्हींत लिहावं लागतं. साधं नेटवर्क टार्गेट त्याची हमी देत नाही. आणि रिस्टार्टसेक, म्हणजे पडलेली सेवा पुन्हा सुरू करण्याआधी थांबण्याचा वेळ, वाढवाच. तो मुळात 100 मिलिसेकंद असतो. डेटाबेस उशिरा उठला, की 10 सेकंदांत 5 वेळा सुरू करण्याची मर्यादा डोळ्यांदेखत संपते आणि सिस्टमडी हात वर करतो.

अल्पाइन लिनक्सवरचा ओपनआरसी मला मनापासून आवडला. इनिट-डीमध्ये स्क्रिप्ट, कॉन्फ-डीमध्ये त्याच नावाची सेटिंग फाइल, मग आरसी-अपडेटने डिफॉल्ट रनलेव्हलमध्ये (बूटला सुरू होणाऱ्या सेवांच्या गटात) भर घालायची. 'नीड' म्हणजे दुसरी सेवा हवीच, 'आफ्टर' म्हणजे फक्त क्रम. हा भेद किती स्वच्छ! पण पडलेली सेवा तो आपणहून उठवत नाही. त्यासाठी सुपरवाइज-डेमन हा त्याचा पहारेकरी निवडावा लागतो.

व्हॉइड लिनक्सवरचा रनइट म्हणजे चारपाच ओळींची 'रन' फाइल आणि एक सिमलिंक. शेवटची ओळ 'एक्झेक'ने (शेलच्या जागी थेट प्रोग्रॅम बसवणाऱ्या आज्ञेने) सुरू झालीच पाहिजे, नाहीतर थांबण्याचा सिग्नल शेलला मिळतो आणि प्रोग्रॅम मागे तसाच उरतो. स्वतःहून बॅकग्राउंडला जाणारा प्रोग्रॅम इथे चालत नाही: रनइटला तो मेला असं वाटतं आणि तो पुन्हा पुन्हा सुरू करत बसतो. म्हणून मी प्रोग्रॅम सगळीकडेच फोरग्राउंडला ठेवतो.

सिस-व्हीबद्दल काय सांगणार? स्क्रिप्टच्या वरचं एलएसबी हेडर (सेवेचं नाव, क्रम वगैरे सांगणाऱ्या टिप्पणीच्या ओळी) नीट भरा. मग सेवा बूटला जोडायला डेबियनवर अपडेट-आरसी-डी, रेड हॅटच्या जुन्या आवृत्त्यांवर सीएचके-कॉन्फिग. लक्ष ठेवायला कुणी नाही. अपस्टार्ट या आणखी एका जुन्या इनिटचा भाग मी माझ्या इन्स्टॉलरमधून काढूनच टाकला.

मशिनवर सिस्टमडी चालू आहे का हे ओळखायला इन्स्टॉलरमध्ये सिस्टमसीटीएल (सिस्टमडीची आज्ञा) सापडतं का, एवढंच पाहू नका. कंटेनरमध्ये ते असतं, पण पहिल्या क्रमांकाची प्रोसेस, म्हणजे इनिटची जागा, भलत्याकडेच असते. मुळाशी असलेल्या 'रन' डिरेक्टरीखाली सिस्टमडी/सिस्टम ही डिरेक्टरी आहे का, ते तपासा.