सही आमची, गालिचा दुसराच: इस्तंबूलमधला अनुभव

इस्तंबूलला जाऊन गालिचा घ्यायचा विचार असेल, तर पैसे मोजण्याआधी हे वाचा. नकली माल दाखवून गळ्यात मारतात, असाच बहुतेकांचा समज असतो आणि म्हणून सगळे सल्ले माल कसा ओळखावा याचेच मिळतात. आम्हाला दुकानात अस्सल रेशीमच दाखवलं होतं. फसवणूक झाली ती नंतर, माल आमच्या हातातून सुटल्यावर.

आमचा सोलापुरात सुताचा धंदा आहे, वडिलांपासून चालत आलेला. सूत किती नंबरचं, पीळ कसा, रंग पक्का की कच्चा, हे रोज बघायचं काम. मी आणि सौ. तुर्कस्तानला निघालो तेव्हा आयासोफ्याची (हागिया सोफिया) जुनी वास्तू बघायची जेवढी ओढ होती, तेवढीच हेरेकेच्या विणीचा गालिचा डोळ्यांनी बघायचीही होती. हेरेके हे इस्तंबूलच्या पूर्वेला, इझमितच्या आखाताकाठचं गाव. १८४३ साली तिथे सुलतानाचा कारखाना उभा राहिला आणि दोल्माबाहचे राजवाड्यासाठी पडदे, कापड, गालिचे तिथे विणले गेले. चांगल्या रेशमी हेरेकेत एका चौरस सेंटिमीटरमध्ये शंभर गाठी असतात, म्हणजे एका चौरस मीटरला दहा लाख. प्रत्येक गाठ माणसाच्या बोटांनी मारलेली. धाग्यावर पोट भरणाऱ्या माणसाला हा आकडा ऐकूनच हात जोडावेसे वाटतात.

निळ्या मशिदीच्या दाराशी आम्ही पोचलो तेव्हा नमाजाची वेळ होती. त्या वेळात पर्यटकांना आत सोडत नाहीत, हे खरंच आहे. तिथेच एक तिशीतला, नीटनेटका तरुण पुढे आला. 'इंडिया? अर्ध्या तासात उघडेल, तोवर उन्हात कशाला उभे राहता, चला, समोरचा हिप्पोड्रोम चौक दाखवतो. मी गाइड नाही, पैसे नकोत,' असं म्हणाला. आणि त्याने चौक खरोखर छान दाखवला. थिओडोशियस बादशहाने इजिप्तहून आणवलेला दगडी स्तंभ, ग्रीसमधल्या डेल्फीच्या मंदिरातून आलेला कांस्याच्या सापांचा स्तंभ, रथांच्या शर्यती कुठून कुठे धावायच्या ते. सांगितलेलं काही चुकीचं नव्हतं, मी नंतर पडताळून पाहिलं. बोलता बोलता त्याने तीन गोष्टी विचारल्या: हॉटेल कोणतं, आम्ही काय काम करतो, आणि इथून पुढे कधी निघणार. दुसऱ्या दिवशी सकाळी कॅपाडोशियाचं विमान आहे, हे आम्ही सांगितलं. त्या प्रश्नांचं महत्त्व मला आज कळतं. गिऱ्हाईक उद्या गावात नसणार, ही माहिती असल्या दुकानदाराला सगळ्यात मोलाची.

मशीद बघून बाहेर आलो तर तो तिथेच थांबलेला. 'माझ्या मामाचं दुकान जवळच आहे, चहा घेऊन जा, विकत काही घेऊ नका.' मागच्या गल्लीत, जिन्याने वर, मोठं दालन. चहा आला, कमरेत बारीक असलेल्या छोट्या काचेच्या पेल्यांतून. मालक पन्नाशीचा, अतिशय अदबशीर. सौ.ला 'सिस्टर' म्हणत होता, माझा धंदा कळल्यावर तर त्याने बोलण्याचा सूरच बदलला. 'मग तुम्हाला मी काय शिकवणार, तुम्हीच बघा,' म्हणाला.

दोन पोरं गालिचे उलगडायला लागली. आधी लोकरीचे कोन्याचे, मग कायसेरीचे, शेवटी लहान रेशमी. साठ बाय नव्वद सेंटिमीटरचा एक तुकडा पोराने दोन्ही हातांत धरून हवेतच अर्धा फिरवला आणि निळा होता तो रुपेरी झाला. रेशमाची लव एका दिशेला झुकलेली असते, एका बाजूने उजेड परततो, दुसऱ्या बाजूने आत शिरतो. मी गुडघ्यावर बसून गालिचा उलटा केला. आमच्या धंद्यातलं घडीचं भिंग माझ्या खिशात असतंच. सेंटिमीटरला दहा गाठी आडव्या, दहा उभ्या. झालर वेगळी शिवलेली नव्हती, ताण्याचेच, म्हणजे विणीतलेच उभे धागे पुढे आले होते. मालकाने स्वतः होऊन झालरीचा एक धागा तोडून काडी लावली. केस जळल्यासारखा वास आला, राख बोटात भुगा झाली. रेशीमच. सौ.ने माझ्याकडे पाहिलं आणि आम्ही घ्यायचं ठरवलं. घासाघीस होऊन किंमत पावणेतीन लाखांच्या घरात आली. एवढ्या गाठींचं, महिनोन्‌महिन्यांचं काम म्हटल्यावर ती मला अवास्तव वाटली नाही.

एवढासा तुकडा आमच्या बॅगेत सहज मावला असता. मी तसं म्हणालोही. मालक म्हणाला, झालरीला शेवटच्या गाठी मारायच्या आहेत, एकदा धुवायचा आहे, शिवाय विमानतळावर गालिचा जुना नाही असा दाखला मागतात. यातलं शेवटचं वाक्य अर्धं खरं, म्हणूनच घातक. तुर्कस्तानातून पुरातन वस्तू बाहेर न्यायला कायद्याने बंदी आहे आणि जुन्या दिसणाऱ्या गालिच्याला संग्रहालयाचा कागद लागू शकतो. पण नवा गालिचा, त्याचं रीतसर बिल हातात, तर तो आपल्या सामानात आणायला काही अडचण नाही. मला ते तेव्हा माहीत नव्हतं, आणि ओझं घेऊन कॅपाडोशियात फिरायचं नाही हा विचारही होताच. 'घरपोच पाठवतो, खर्च आमचा. आणि बदलला जाईल अशी शंका नको, ही बघा खूण,' असं म्हणून त्याने गालिच्याच्या मागे कोपऱ्यात एक पांढरी कापडी पट्टी आमच्यासमोर शिवून घेतली. त्यावर सौ.ची मराठीत सही, तारीख. मी फोटो काढला. गालिचा कागदात बांधला गेला, आमच्या डोळ्यांदेखत.

तो कपाटात ठेवून कपाट बंद होईपर्यंत आम्ही तिथे होतो. याहून जास्त काय करायचं असतं, असं तेव्हा वाटलं होतं.

गंमत नव्हे, पण आठवतं म्हणून सांगतो. त्याच संध्याकाळी एमिनोन्यूच्या मसाल्याच्या बाजारात एकाने 'तुर्की केशर' म्हणून लाल-पिवळ्या पाकळ्यांचा ढीग दाखवला, भाव इतका स्वस्त की पर्यटक मूठमूठ घेत होते. सौ.ने चिमूट उचलली आणि लगेच म्हणाली, 'अहो, ही करडई आहे.' सोलापूरच्या बाईला करडईचं फूल कुणी केशर म्हणून विकणार? खरं केशर तिकडे साफ्रानबोलू गावच्या परिसरात होतं, ग्रॅमवर विकतात आणि पाण्यात टाकलं तर रंग सावकाश उतरतो. तिथे आम्ही वाचलो. गलाता पुलावर बूटपॉलिशवाल्याचा ब्रश मुद्दाम आपल्या पुढ्यात पडतो, उचलून दिला की तो उपकार मानत पॉलिश करतो आणि मग पैशासाठी अडून बसतो, हेही बघितलं. टॅक्सीबद्दल एवढंच: दोनशेची नोट देताना मोठ्याने 'दोनशे' म्हणा आणि सुटे येईपर्यंत नोटेवरची नजर हलवू नका. विमानतळावरून २०२४ पासून शहरातल्या गायरेत्तेपेपर्यंत मेट्रो आहे, हावाइस्त या विमानतळ-सेवेच्या बसही आहेत, टॅक्सीवाचून अडत नाही.

पार्सल सोलापूरला आलं दीड महिन्याने. कुरिअरवाल्याने कस्टम ड्यूटी मागितली, ती दुकानदाराच्या 'खर्च आमचा' या बोलण्यात कुठेच नव्हती. भरली. उघडलं. रंग तोच, नक्षी जवळपास तीच, मागे पांढरी पट्टी, पट्टीवर सौ.ची सही. बघणाऱ्या पाहुण्याने वा म्हटलं असतं. पण हातात घेऊन फिरवला तर रंग हलेना. सगळीकडून सारखीच चकचक. भिंग लावलं: सेंटिमीटरला पाच-सहा गाठी. झालर मशीनची, वरून शिवलेली. धागा जाळला तर कागद जळल्यासारखा वास. तो व्हिस्कोस होता, लाकडाच्या लगद्यापासून केलेला धागा, ज्याला बाजारात 'आर्ट सिल्क' म्हणतात.

पट्टीचं कोडं सौ.ने सोडवलं. ती ट्यूबलाइटखाली पट्टी धरून बसली आणि म्हणाली, 'ही दोनदा शिवलीय.' पट्टीच्या कडेने सुईच्या भोकांच्या दोन रांगा होत्या. एकीत दोरा होता, दुसरी रिकामी, जरा तिरकी. आमच्यासमोर शिवलेली पट्टी उसवून दुसऱ्या गालिच्याला लावली होती. सही आमचीच, अगदी खरी.

दुकानदाराचं उत्तर आधी गोड आलं: फोटोत उजेडामुळे फरक दिसतो. मग: तुमच्या खर्चाने परत पाठवा, तपासून बघू. तिसऱ्या वेळी नंबर ब्लॉक. बँकेकडे कार्डाचा व्यवहार वादात टाकला. त्यांनी कागद मागितले आणि तेव्हा बिल पहिल्यांदा नीट वाचलं गेलं. 'हातविणीचा तुर्की गालिचा, १ नग'. माप नाही, रेशीम हा शब्द नाही, गाठी नाहीत. सोबतच्या रंगीत, सोनेरी शिक्क्याच्या प्रमाणपत्रातही 'हस्तकला' एवढंच. बँकेने कळवलं की पिन टाकून व्यवहार झाला, माल पोचला, बिलात लिहिल्याप्रमाणे पोचला. पैसे मिळाले नाहीत. स्लिपवरचं कंपनीचं नाव दुकानाच्या पाटीवरच्या नावाहून वेगळं होतं, हेही तेव्हाच दिसलं.

दुकानाचं नाव इथे लिहीत नाही. ही पद्धत एका दुकानापुरती नाही, पाटी बदलायला एक दिवस पुरतो. शिवाय हॉटेलं, टॅक्सीवाले, गाइड यांना असल्या दुकानांतून मोठं कमिशन मिळतं. आपल्याकडच्या सहलींतही 'गालिचा विणकाम केंद्र' असतं. तिथे मागावर बसलेली बाई खरी विणकर असते, तिची गाठ खरी असते. गोर्देस गाठ, म्हणजे तुर्की पद्धतीची गाठ, दोन्ही ताण्यांना वेढा घालून कशी बसते ते जरूर बघा, फार सुंदर आहे. मात्र त्या मागावर चाललेलं काम आणि विक्रीच्या दालनातून तुमच्या घरी येणारा माल यांचा संबंध असेलच असं नाही.

आणि मला मनापासून सांगायचंय, यावरून तिथल्या माणसांना टाळू नका. कॅपाडोशियात गोरेमे गावाजवळ वाट चुकलो तेव्हा एका म्हाताऱ्या जोडप्याने अंगणात बसवून जर्दाळू खायला घातले, गाडीपर्यंत सोडायला आले आणि पैसे पुढे केले तर आजी अक्षरशः रागावल्या. त्यांनी आमचं हॉटेल विचारलं नाही. परत कधी जाणार ते विचारलं नाही. आई-वडील आहेत का, मुलं किती, एवढंच विचारलं, तेही हातवाऱ्यांनी. त्या लोकांचा हाच स्वभाव चौकातला तो तरुण भांडवल म्हणून वापरतो, याचा मला पैशापेक्षा जास्त राग आहे.

गालिचा घ्यायचाच असेल तर ज्या क्षणी पैसे द्याल त्याच क्षणी तो उचला. लहान रेशमी तुकडा घडी करून हातबॅगेत बसतो. मोठा घेतलात आणि पाठवणं भाग असेल, तर सहीच्या पट्टीवर विसंबू नका. एका कोपऱ्याचा मागून, मोजपट्टी ठेवून, गाठी मोजता येतील इतका जवळून फोटो घ्या. हाताने मारलेल्या गाठींत कुठेतरी एखादी वाकडी असतेच, ती त्या गालिच्यापुरतीच असते, उसवून दुसरीकडे लावता येत नाही. बिलावर माप, 'शंभर टक्के रेशीम', चौरस सेंटिमीटरला किती गाठी, गाव आणि 'वर्णनाप्रमाणे नसल्यास विक्रेत्याच्या खर्चाने परत' हे सगळं लिहून शिक्का घ्या. लिहायला टाळाटाळ झाली तर चहाचे आभार मानून उठा, चहा प्यायला म्हणून काही देणं लागत नाही. दुकान ठरवण्याआधी आयासोफ्याच्या आवारातल्या वक्फ गालिचा संग्रहालयात तासभर घालवा, शेकडो वर्षांची वीण बघून नजर तयार होते.

कार्डाच्या मशीनवर रुपये की लिरा असं विचारलं तर लिरा निवडा, आकडा मशीनवर स्वतः वाचा, आणि स्लिपवरचं नाव पाटीशी जुळतं का बघा. वाद उद्भवला आणि तुम्ही अजून तिथेच असाल तर निळ्या मशिदीच्याच सुलतानअहमत भागात यरेबातान या भूमिगत जलाशयासमोर पर्यटक पोलिसांची चौकी आहे. ग्राहक तक्रारीसाठी देशभर १७५ हा क्रमांक चालतो. भारतात परत आल्यावर पार्सल मिळालं तर कुरिअरवाला उभा असतानाच, व्हिडिओ चालू ठेवून उघडा, आणि बँकेला त्याच दिवशी लेखी कळवा. कार्डाच्या तक्रारीला मुदत असते, आणि दुकानदाराची गोड उत्तरं ती मुदत संपेपर्यंतच येत राहतात.