सुपरमार्केटच्या गटमुलाखतीची तयारी करून घेणारा तीन दिवसांचा वर्ग : रत्नागिरीतील माझा अनुभव

सुपरमार्केटमधील नोकरीसाठी होणाऱ्या गटमुलाखतीची तयारी करून घेणारा तीन दिवसांचा एक वर्ग मी गेल्या जुलै महिन्यात रत्नागिरीत केला. शुल्क १,२०० रुपये होते आणि वेळ सकाळी दहा ते दुपारी एक अशी होती. वर्गाचे नाव मी येथे देत नाही. गणपतीपूर्वी दुकानांत माणसांची भरती सुरू होते आणि त्या सुमारास अशा वर्गांकडे अनेकांची पावले वळतात. त्यांना पैसे भरण्याआधी काय विचारावे हे कळावे, एवढ्यासाठी सविस्तर लिहीत आहे.

माझे वय ३४ आहे. पावसच्या पुढे आमचे गाव आहे आणि तेथे सासऱ्यांचे किराणा दुकान मी नऊ वर्षे सांभाळले. आता ते दुकान धाकटे दीर पाहतात, मुले शाळेत रुळली आहेत आणि दरमहा ठरलेला पगार हातात यावा अशी माझी इच्छा होती. एस.टी.त महिलांना अर्धे तिकीट असल्यामुळे जाण्यायेण्याचा खर्च फारसा झाला नाही. मात्र भर पावसात भाट्याच्या पुलावरून दहाच्या आत वर्गात पोहोचायचे, तर घरून आठच्या आधी निघावे लागे. एवढ्या धडपडीने आलेल्या माणसाचा पहिला दिवस ज्या प्रकारे खर्ची पडला, त्याबद्दल माझी गंभीर तक्रार आहे.

पहिल्या दिवशी आम्हा सर्वांना इंग्रजीतील स्वपरिचयाचा एकच छापील कागद देण्यात आला आणि तो पाठ करून घेण्यात दोन तासांहून अधिक वेळ गेला. मी माझ्या परिचयात किराणा दुकानाचा उल्लेख केला, तेव्हा प्रशिक्षकांनी मला थांबवून सांगितले, ‘ताई, घरचं दुकान हा अनुभव धरला जात नाही, ते वाक्य काढून टाका.’ मी ते काढले आणि त्या जागी ‘मी परिश्रमी असून दबावाखाली काम करू शकते’ अशा अर्थाचे इंग्रजी वाक्य घोकले. पुढे प्रत्यक्ष मुलाखतीत याच वर्गातील तीन उमेदवार एकापाठोपाठ एक तेच वाक्य बोलले. तिसऱ्या वेळी समोरच्या अधिकारी बाईंनी लिहिणे थांबवले आणि आम्हा सगळ्यांना मराठीतच बोलायला सांगितले. त्या मुलामुलींच्या चेहऱ्यावरचा संकोच मला अजून आठवतो. चूक त्यांची नव्हती. त्यांनी शिकवलेले मनापासून पाठ केले होते.

दुसरा दिवस मात्र कामाचा होता. वाण्याच्या दुकानात माल दुकानदार काढून देतो आणि शंका आली तर ग्राहक त्यालाच विचारतो. सुपरमार्केटात ग्राहक स्वतः फळीवरून वस्तू उचलतो, त्यामुळे तेथे पाकिटावरचा मजकूर आणि फळीवरची किंमतपट्टी हीच दुकानदाराची जीभ असते. म्हणून पाकीट वाचायला शिकवणे हे अशा तयारीत फार महत्त्वाचे, आणि या वर्गाने ते नीट शिकवले. छापलेली कमाल किरकोळ किंमत सर्व करांसह असते व तिच्याहून जास्त घेता येत नाही. निव्वळ वजन आणि पाकिटासकटचे वजन यांत गल्लत करायची नाही. अन्न परवान्याचा क्रमांक १४ अंकी असतो. चौकटीतील हिरवा ठिपका शाकाहारी पदार्थाचा, तर मांसाहारी पदार्थासाठी आता तपकिरी त्रिकोण असतो. हे सारे प्रत्यक्ष पाकिटे हातात देऊन दाखवले. एक चूक मात्र मला खटकली. बारकोडच्या आरंभी ८९० असेल तर वस्तू भारतात बनलेली आहे असे सांगण्यात आले. वास्तविक ८९० हा आकडा एवढेच सांगतो की, कंपनीने तो क्रमांक जीएस-वन इंडिया या संस्थेकडून घेतला आहे, आणि वस्तू कोठे बनली हे पाकिटावरील उत्पादकाच्या पत्त्यावरून पाहावे लागते. बिलिंगवर बसणाऱ्याला एखाद्या जाणकार ग्राहकाने हे विचारले, तर चुकीचे उत्तर आपल्या तोंडून जाऊ नये.

पैसे वसूल झाले असे मला वाटले ते तिसऱ्या दिवशीच्या गटसरावामुळे. दहा जणांना गोल बसवून एक कागद दिला. प्रसंग असा होता: गणपतीच्या आधीचा रविवार, संध्याकाळची वेळ, बिलिंगला लांब रांग आहे, एका काउंटरचे स्कॅनर बंद पडले आहे, तेलाची पिशवी फुटून वाटेत तेल पसरले आहे, एक आजी मोदकाच्या पिठीसाठी खोळंबल्या आहेत आणि मागच्या दाराशी नारळांचा टेम्पो उभा आहे, कर्मचारी पाचच आहेत. कोणी काय करायचे हे पंधरा मिनिटांत सर्वांनी मिळून ठरवायचे होते. प्रशिक्षक वर्तुळाबाहेर बसून प्रत्येकाच्या नावासमोर खुणा करीत होते.

मी उत्साहाने बोलले. पाय घसरून कोणाचे हाड मोडू नये म्हणून आधी तेलाजवळ माणूस उभा करायला हवा, हे मला लगेच सुचले आणि ते बरोबरही होते. सराव संपल्यावर प्रशिक्षकांनी खुणा वाचून दाखवल्या: मी सात वेळा बोलले होते, त्यांपैकी चार वेळा दुसऱ्याचे वाक्य तोडून. लांज्याची एक मुलगी दोनदा काही सांगू पाहत होती आणि दोन्ही वेळा मीच मध्ये आले होते. तिचे म्हणणे असे होते की, रांगेतल्या लोकांना आधी कोणीतरी जाऊन स्कॅनर बंद असल्याचे सांगावे, म्हणजे लोक चिडणार नाहीत. ते आमच्यापैकी कोणालाही सुचले नव्हते. त्या दिवशी मला मनापासून वाईट वाटले, आणि या १,२०० रुपयांत मला मिळालेली सर्वांत मोलाची गोष्ट तीच होती. गटमुलाखतीत सर्वांत जास्त बोलेल तो निवडला जातो असा समज मी घेऊन आले होते. दुकान पाच-दहा माणसांनी मिळून चालवायचे असते. म्हणून गप्प बसलेल्याला कोण विचारतो, वेळेकडे कोणाचे लक्ष आहे, आपले मत मागे घ्यायची कोणाची तयारी आहे, हेही तेथे पाहिले जाते. हे मला कोणी व्याख्यान देऊन पटवू शकले नसते.

असा सराव आमच्या वाट्याला एकदाच आला, ही दुसरी मोठी तक्रार. नोंदणीच्या वेळी ‘एका तुकडीत जास्तीत जास्त १२ जण’ असे सांगितले होते. प्रत्यक्षात आम्ही २२ होतो. दोन गट करावे लागले, उरलेले दोघे नुसते पाहत बसले आणि चिडलेल्या ग्राहकाशी बोलण्याचा सराव तर केवळ चौघांना मिळाला. फळीवर एक किंमत आणि बिलात दुसरी आली, तर ग्राहकाशी वाद न घालता किंमतपट्टी स्वतः जाऊन पाहावी आणि पर्यवेक्षकाला बोलवावे, हे मी इतरांचे पाहून शिकले. स्वतः उभी राहून ते बोलण्याची संधी मला मिळाली नाही.

काही बाबी वर्गात मुळीच आल्या नाहीत. मुलाखतीत आम्हाला तोंडी हिशेब विचारला: ३८७ रुपयांचे बिल आहे, ग्राहकाने ५०० ची नोट आणि वर सात रुपये सुटे दिले, तर परत किती? गल्ल्यावर बसायची सवय असल्याने मी लगेच १२० म्हटले; पदवीधर असलेले दोघे तेथे अडखळले. रविवारी व सणाला काम करण्याची तयारी, रात्रीची पाळी सुटल्यावर गावाकडची शेवटची गाडी मिळेल का, भविष्य निर्वाह निधी कापला जातो का, या गोष्टी आपण विचाराव्यात की नाही आणि कशा विचाराव्यात, यावर अर्धा तास तरी द्यायला हवा होता. आमच्या भागातील मुलींची नोकरी अनेकदा शेवटच्या एस.टी.वरच अडते.

आता किराणा दुकानाविषयी. मुलाखतीत अकरा उमेदवार होते. जुना माल संपण्याआधी नवा आला तर काय कराल, असा प्रश्न आला. मी शिकवलेले सोडून दिले आणि आमच्या दुकानात काय करतो ते सांगितले: जुना माल पुढे, नवा मागे, पण नव्या खेपेची मुदत आधी संपणारी निघाली, तर तीच पुढे. पावसाळ्यात रवा आणि बेसन ओल धरतात, म्हणून पोती जमिनीवर न ठेवता लाकडी फळ्यांवर आणि भिंतीपासून वीतभर दूर ठेवतो. अधिकारी बाईंनी त्यावर आणखी तीन प्रश्न विचारले आणि सगळे लिहून घेतले. मी बोलत असताना शेजारच्या मुलाला काही सांगायचे आहे हे मला दिसले. मी थांबले आणि त्याला बोलू दिले. ते थांबणे मी वर्गात शिकले होते, आणि जे सांगितले ते दुकानात.

निवड झाली, सध्या मी किराणा विभागात आहे. वर्ग लावायचा असेल, तर तुकडीत किती जण असतील हे पावतीवर लिहून घ्यावे आणि गटसराव किती वेळा होईल हे आधी विचारावे. एकदाच होणार असेल, तर घाई करू नये. ज्यांनी दुकानात, बचतगटाच्या स्टॉलवर किंवा आंब्याच्या हंगामात पेट्या भरण्याचे काम केले आहे, त्यांनी ते कोणाच्याही सांगण्यावरून लपवू नये. पहिल्या दिवसाचा पाठांतराचा वेळ गटसरावाला द्यावा आणि तुकडी बारा जणांचीच ठेवावी, असे पत्र मी वर्गाच्या चालकांना दिले आहे. दीड महिना झाला, अद्याप उत्तर आलेले नाही.