वर्ध्यात शिकायला आला असाल तर कुठे खायचं

वर्ध्यात सकाळी पोटभर खा, रात्री जरा जपून. मी इथेच नव्वदच्या दशकात बी.एस्सी. केली, आता पोरगी इंजिनिअरिंगला आहे, म्हणून दोन्ही काळातली ताटं पाहिलेली आहेत.

आमच्या वेळी हॉटेल म्हणजे स्टँडजवळचा चहा अन् आलुबोंडा. जेवण मेसमध्ये, म्हणजे कोण्या काकूच्या ओसरीत. पैसे महिन्याचे आगाऊ, रविवारी दुपारी गोड अन् रात्री सुट्टी. सावजी खायची हुक्की आली तर नागपूरची गाडी पकडायची. जिल्हा दारूबंदीचा. बाकी शहरांत रात्रीची हॉटेलं बारच्या जिवावर चालतात, इथे मालकाला नुसत्या ताटावर कमवावं लागते. चांगली हॉटेलं इथे उशिरा आली ती म्हणूनच, असं आपलं माझं मत.

बदल आणला बाहेरच्या पोरांनी. सेवाग्रामचं मेडिकल 1969 चं, पण तिथे खादी अन् शाकाहाराचा नेम, त्यामुळे बाजार काही फार हलला नाही. सावंगीचं मेडिकल 1990 चं, हिंदी विद्यापीठ 1997 चं. मग मात्र डोसा आला, मोमो आले, शोरमा आला. विद्यापीठाकडच्या एका ठेल्यावर बिहारी लिट्टी-चोखा खाल्ला. लिट्टी म्हणजे आपल्या रोडग्याची, गोवऱ्यांवर भाजलेल्या कणकेच्या गोळ्याची, सख्खी चुलतबहीण! आत सत्तू, लसूण अन् मोहरीच्या तेलाचा ठसका. चोखा तर वांग्याचं भरीतच, फक्त त्यात बटाटा कालवलेला. तूप मागितलं तर पठ्ठ्याने लिट्टी फोडून वाटीतच बुडवून दिली. जा तिथे.

कॅफेंबद्दल मात्र काय सांगावं बाप्पा. भिंतीवर प्लॅस्टिकचं गवत, लाल-निळी पाटी, अन् सगळीकडे तोच पांढऱ्या सॉसचा पास्ता. पोरीच्या हट्टापायी एका ठिकाणी गेलो. पिझ्झा वरून करपलेला, खालून कच्चा. सांगितलं तर वाढणारा म्हणे, "काका, तो असाच असते." पोरीचे फोटो छान आले, इतकंच.

आता सकाळचं. तर्री-पोहे अजून तसेच आहेत, अन् यात वर्धा नागपूरला हार जात नाही. परातीच्या कडेचे पोहे घेऊ नका, कोरडे पडतात, मधले मागा. ठेलेवाला त्यावर चण्याची तर्री ओततो, तेलाचा लाल तवंग आधी पळीने बाजूला करून. तवंग हवा असेल तर "वरचं टाक" म्हणा. मग कांदा, शेव, लिंबू. दुसऱ्यांदा तर्री मागितली तर पैसे घेत नाहीत. घेत असेल तर ठेला बदला. नऊनंतर जाऊ नका, तर्रीत पाणी वाढलेलं असते.

गावी जाताना गोरस भांडारातून गोरसपाक, म्हणजे इथलं बिस्कीट, घ्या. गाईच्या तुपाचा, तोंडात टाकला की विरतो. पण पिशवीत वर ठेवा, नाहीतर घरी नुसता चुरा पोचेल.

मेसला रविवारी रात्री अजूनही सुट्टीच असते. त्या रात्री कॅफेत पैसे घालण्यापेक्षा गावाबाहेरच्या एखाद्या ढाब्यावर झुणका-भाकर अन् ठेचा खा. ज्वारीची भाकर लवकर संपते, आधी फोन करून सांगून ठेवा.