रंगीत तबकडीचा टायमर : मेंदूच्या सुजेतून सावरणाऱ्या मुलासोबतचे नऊ महिने

गेल्या आठवड्यात आमच्या टायमरची, म्हणजे उरलेला वेळ तबकडीवरच्या लाल भागाने दाखवणाऱ्या यंत्राची, फिरकी निखळली आणि विक्रेत्याच्या सेवा विभागाने दुरुस्ती होत नाही, नवा घ्या, असे उत्तर पाठवले. एका फिरकीसाठी चांगले यंत्र टाकून देणे मला पटले नाही. ती मी चिकटवून घेतली. नव्याचा विचार मात्र सुरू आहे, तो एका निराळ्याच कारणासाठी.

माझ्या आठ वर्षांच्या मुलाला हर्पिस सिम्प्लेक्स विषाणूमुळे एन्सेफलायटिस, म्हणजे मेंदूची सूज, झाला होता. 21 दिवस शिरेतून असायक्लोव्हिर हे विषाणूविरोधी औषध घेऊन तो घरी आला तेव्हा चालत होता, बोलत होता, आणि पाहणाऱ्या प्रत्येकाला बरा झालेला वाटत होता. परंतु हा विषाणू बहुधा मेंदूच्या टेम्पोरल (कानाजवळच्या) भागाला इजा करतो आणि नव्या आठवणी साठवणारा हिप्पोकॅम्पस तिथेच असतो. त्यामुळे ‘अजून दहा मिनिटे’ असे सांगितले तरी ते त्याच्याजवळ टिकत नसे, आणि तो तोच प्रश्न पुन्हा विचारी. तबकडीवर उरलेला लाल भाग लक्षात ठेवावा लागत नाही, तो समोर दिसतो. या एका गुणासाठी मी यंत्राला पूर्ण गुण देते.

पहिले दोन महिने मी ते चुकीचे वापरले. दर आठवड्याला अभ्यासाची वेळ पाच मिनिटांनी वाढवत गेले. त्या दिवशी तो निभावून नेई आणि दुसऱ्या दिवशी अंथरुणातून उठत नसे. थकवा दिसण्याआधीच थांबायचे असते, हे ऑक्युपेशनल थेरपिस्टने (रोजची कामे पुन्हा जमावीत म्हणून मदत करणाऱ्या तज्ज्ञाने) समजावल्यावर आम्ही पंधरा मिनिटे काम आणि तेवढीच विश्रांती, असा क्रम लावला. विश्रांतीची तबकडी चुकवायची नाही, हाच नियम अधिक उपयोगी पडला.

आता त्या आवाजाविषयी. वेळ संपताच हे यंत्र जी कर्कश शिट्टी वाजवते ती बंद करण्याची सोय त्यात नाही. आजारानंतर माझ्या मुलाला अचानक होणारा आवाज सोसत नाही. शिट्टी वाजली की तो कान झाकून ओरडे, वस्तू फेके, आणि पुढचा तास हातचा जाई. मी तीन वेळा तक्रार केली. ‘हा दोष नाही, रचनाच तशी आहे’, एवढेच उत्तर मिळाले.

येथे मला माझे मत दुरुस्त केले पाहिजे. कित्येक आठवडे मी सगळा राग त्या शिट्टीवर काढला. प्रत्यक्षात आकडी येऊ नये म्हणून सुरू असलेल्या लेव्हेटिरासिटॅम या औषधानेही चिडचिड वाढू शकते, हे मला ठाऊक नव्हते. उद्रेकांच्या वेळा लिहिलेली वही न्यूरॉलॉजिस्टना (मेंदूविकारतज्ज्ञांना) दाखवली, तेव्हा शिट्टी न वाजलेल्या दिवशीही ते होत असल्याचे स्पष्ट झाले. त्यांनी औषध टप्प्याटप्प्याने बदलले (हे पालकांनी स्वतः कधीही करू नये) आणि उद्रेक बरेच कमी झाले. वही ठेवायला मी फार उशीर केला, याचे वाईट वाटते.

तरीही शिट्टीला माझी माफी नाही. मागच्या छिद्रांवर कापूस ठेवून जाड चिकटपट्टी लावल्यावर तिचा आवाज सोसण्याजोगा झाला आहे, आणि शाळेत अर्धा दिवस बसू लागल्यापासून मुलगा यंत्र दप्तरातून नेतो. नवे घेताना बॅटरी किती टिकते, रंग कोणता, हे मी पाहणार नाही. आधी ते वाजवून बघेन आणि मागे आवाजाचे बटण असेल तरच घेईन.