ई-11 ब्लास्टर किट, एक उन्हाळा आणि एक पावसाळा काढल्यावर: टोपण सोडून सगळं ठीक

“सर, पेंट केलेल्या पार्टवर वॉरंटी लागत नाही.”

रंगवल्यावर टोपण बसेना म्हणून तक्रार केली, आणि रंगवण्यासाठीच विकलेल्या किटबद्दल विक्रेत्याचं हे उत्तर आलं, तेव्हा म्हटलं आता सविस्तर लिहायचंच. कच्चं, राखाडी, थरांच्या रेघा दिसणारं थ्रीडी प्रिंट हातात द्यायचं, सोबत ‘घासा, प्रायमर मारा, रंगवा’ असा कागद द्यायचा, आणि कागदात सांगितलं तसं केलं की हात वर करायचे. विक्रेत्याचं नाव लिहीत नाही. भोसरीकडून बिबवेवाडीला पार्सल पाठवायचे 220 रुपये घेतले एवढं सांगतो, त्यावरून माणूस ओळखा.

ई-11 म्हणजे स्टार वॉर्समधल्या पांढऱ्या चिलखताच्या सैनिकांची बंदूक, हे इथल्यांना सांगायची गरज नाही. किटमध्ये नळी तीन तुकड्यांत, दुर्बीण, काउंटरची डबी, आखूड मॅगझिन, घडीचा दस्ता, नळीवर चिकटवायच्या टी-ट्रॅकच्या पट्ट्या, आणि नळीचं मागचं टोपण. प्रिंट 0.2 मिमीच्या थराचं, पीएलए प्लॅस्टिकचं. नळीवरची भोकं स्वच्छ, दुर्बिणीचा आकार अमेरिकी रणगाड्याच्या एम38 सारखा नेमका, काउंटरच्या डबीवरचे आकडेसुद्धा वाचता येतात. पहिल्या महिन्यात मी मित्रांना डोळे झाकून घ्या म्हणत होतो. तेव्हा रंग लावला नव्हता.

आता टोपण. कोरं प्रिंट असताना ते नळीत असं बसायचं की दोनदा काढून उगाच परत लावावंसं वाटे. प्रायमर आणि काळ्याचे हात झाल्यावर ते आत जाईना. कारण साधं आहे. रंगाचा थर बाहेरच्या तोंडावर चढतो तसा आतल्या तोंडावरही चढतो, आणि दोन्ही बाजूंनी मिळून जागा खातो. प्रिंटची फाइल बनवणाऱ्याने फट मोजली ती कोऱ्या प्रिंटवर. शिवाय टोपणाची कड प्रिंटरच्या बेडला टेकवून छापलेली, त्यामुळे पहिला थर दाबला जाऊन थोडा बाहेर फाकलेला. ती कड घासली तर टोपण आत जातं, पण मग सैल होतं. रंग शाबूत ठेवायचा तर बसत नाही, बसवायचं तर पडतं. ब्लास्टर जरा मागे कलला की टक्, टाइलवर, आणि तिथून घरंगळत फ्रीजखाली. घरातल्यांना आता तो आवाज ओळखता येतो.

लोक म्हणतील, अरे एवढंसं टोपण, त्याचं काय घेऊन बसलास? बसलोय, कारण मूळ हत्यारात ते टोपण म्हणजे शोभेची वस्तू नाही. 1977 सालच्या स्टार वॉर्समधला हा ब्लास्टर लंडनच्या बॅप्टी कंपनीकडून आणलेल्या खऱ्या ब्रिटिश स्टर्लिंग सबमशीन गनवर उभा केलेला आहे. सेट डेकोरेटर रॉजर ख्रिश्चन यांचा तो जुगाड: गन घ्यायची, तिला प्लॅस्टिकच्या पट्ट्या आणि जुनी दुर्बीण चिकटवायची, झाला अंतराळातला ब्लास्टर. आणि त्या स्टर्लिंगचं मागचं टोपण आतल्या स्प्रिंगचा जोर धरून ठेवतं.

हे मला पुस्तकी माहीत होतं. हातांनी दाखवलं आमच्या बी विंगमधल्या काकांनी. फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले, सिनेमाशी काही देणंघेणं नाही. गच्चीवर मी ब्लास्टर वाळत ठेवला होता, ते तुळशीला पाणी घालायला आले आणि लांबूनच म्हणाले, “कार्बाइन इथे कुणी आणली?” मी म्हटलं, “काका, सिनेमातली आहे.” ते म्हणाले, “कसला सिनेमा, ही आमची कार्बाइन.” आणि खरंच होतं. आपल्याकडची 9 मिमी कार्बाइन म्हणजे कानपूरच्या स्मॉल आर्म्स फॅक्टरीत परवान्यावर बनलेली हीच स्टर्लिंग. काकांनी ती उचलली, डावा हात आपोआप नळीच्या जाळीखाली गेला. मग मॅगझिनकडे पाहून तोंड वाकडं केलं, “हे कुणी कापलं? चौतीस गोळ्यांचं असतं.” सिनेमात मुद्दाम आखूड ठेवलंय हे त्यांना अजून पटलेलं नाही. शेवटी त्यांनी टोपणावर तळहात ठेवला, पुढे दाबून फिरवायला गेले आणि टोपण त्यांच्या हातातच आलं. “लॉकच नाही?” असं म्हणून त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, तिथून माझा राग वैयक्तिक झाला. दाबून फिरवायची खाच फाइलमध्ये काढायला कितीसा वेळ लागतो?

रंगाबद्दल मात्र मनापासून चांगलं लिहायचंय, कारण या किटने मला तिथे खूश केलं. प्रिंट इतकं एकसारखं आहे की रेघा बुजवायला पुट्टी फार लागली नाही. एनसी पुट्टीचा एक पातळ हात, त्यावर नाना पेठेतून आणलेला गाडीचा प्रायमर सर्फेसर, 220 आणि मग 400 चा वॉटर पेपर पाण्यात बुडवून. मशीन लावू नका, पीएलए गरम होऊन चिकट होतं आणि कागद भरतो. खऱ्या स्टर्लिंगवर खरखरीत, सुरकुतलेला काळा रंग असतो, त्यामुळे आरशासारखं गुळगुळीत करण्यात अर्थच नाही. मी काळा मॅट स्प्रे मुद्दाम लांबून मारला. थेंब हवेत अर्धवट सुकून पडतात आणि पोत आपोआप येतो.

आणि मग पेन्सिल. 8बीच्या पेन्सिलचं शिसं ब्लेडने खरवडून भुकटी केली, जुन्या मोज्याच्या तुकड्याने कडांवर, ट्रिगर गार्डवर, नळीच्या भोकांभोवती घासली. प्लॅस्टिकचं लोखंड झालं हो. चांदीचा ब्रश मारून जे येतं ते रंग दिसतं, हे हाताळून झिजलेलं दिसतं. बाहेरून मागवायच्या महागड्या मेटॅलिक रंगांचे पैसे वाचले, आणि अप्पा बळवंत चौकात पेन्सिलचा खर्च वडापावाच्या हिशेबात बसला. एक लक्षात ठेवा: ग्रॅफाइटवर, म्हणजे या भुकटीवर, पारदर्शक लॅकर मारला की ती चमक मरते. जिथे हात लागतो तेवढ्याच भागावर लॅकर, बाकी उघडं ठेवा.

त्या लॅकरने पावसाळ्यात घात केला. हवा दमट असली की सुकताना त्यात बाष्प अडकतं आणि पांढरट धुरी येते. आपल्याकडचा जुलै-ऑगस्ट त्यासाठी आदर्श. पेंटच्या दुकानदाराने रिटार्डर (सुकणं लांबवणारं द्रव्य) मिसळलेलं थिनर दिलं. ऊन पडलेल्या दुपारी त्याचा हलका फवारा मारला, धुरी गेली. टी-ट्रॅकच्या पट्ट्यांचा डबल टेप त्याच पावसात सुटला, त्या अ‍ॅराल्डाइटने कायमच्या बसवल्या. यात विक्रेत्याला दोष नाही, तो पुण्यातच राहतो, त्यालाही तीच हवा. उन्हाळ्याची मात्र काळजी घ्या. साठेक अंशांना पीएलए मऊ पडतं. मी रंगाच्या चाचणीचा फालतू तुकडा मुद्दाम बंद गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवून पाहिला, संध्याकाळी तो पापडासारखा वळला होता. ब्लास्टर गाडीत ठेवून सिंहगडावर फोटो काढायला जायचा बेत तिथेच रद्द.

परत टोपणाकडे. बरीच वादावादी झाल्यावर, ‘गुडविल म्हणून’ असा मेसेज टाकून त्यांनी दुसरं टोपण पाठवलं. तीच फाइल, तीच फाकलेली कड, तीच गत. पार्सलचे पैसे परत माझ्याकडूनच. मी व्हर्नियरने मोजून आकडे पाठवले, किती फट हवी तेही लिहिलं. उत्तरात अंगठा आला.

शेवटी उपाय तापकीर गल्लीत मिळाला. 6 मिमी व्यासाचे, 2 मिमी जाडीचे निओडिमियम चुंबक. तीन नळीच्या आतल्या कठड्यावर, तीन टोपणावर, बारीक ड्रिलने खळगे करून अ‍ॅराल्डाइटने बसवायचे. ध्रुव जुळवायला आधी सगळे एकावर एक चिकटवून एका बाजूला मार्करने खूण करा, नाहीतर टोपण स्वतःहून उडी मारेल. टोपण आता ओढलं तरच निघतं. काकांनी परत दाबून फिरवून पाहिलं, आलं नाही. “लॉक नाहीच,” म्हणाले, पण खाली ठेवताना नीट ठेवलं.

हिशेब असा: किट 4,600, रंग-प्रायमर-पेपर मिळून साधारण 900, आणि दोन्ही पार्सल. आयती रंगवलेली परदेशी प्रतिकृती आणली तर कस्टम ड्युटीसकट यापेक्षा पुष्कळ जास्त जाते, म्हणून घ्यायचं तर घ्या. सुरुवातीला मी चार स्टार दिले होते, वॉरंटीच्या मेसेजवर दोन केले. पेन्सिलमुळे तीनवर थांबतो.

पुढचं किट स्टार वॉर्समधल्याच, मॉझर सी96 वर उभारलेल्या पिस्तुलाचं घ्यायचं मनात आहे. त्याला मागे टोपण नाही. पुढे मात्र जर्मन विमानी मशीनगन एमजी81 चा फ्लॅश हायडर (नळीच्या तोंडाशी ज्वाळा झाकणारा तुकडा) लागतो, आणि किटमध्ये तोही सरकवूनच बसवायचा असतो. यावेळी ऑर्डरच्या आधी त्याचा आतला व्यास मागितलाय, रंगाची फट धरून.