रायज: सन ऑफ रोम खेळलो, डोळे निवले पण हात कंटाळले

आधीच सांगतो, हा गेम नवा नाहीये. २०१३ च्या नोव्हेंबरात एक्सबॉक्स वन हा गेमिंग कन्सोल बाजारात आला ना, त्याच दिवशी त्याच्यासोबत आलेला हा गेम, आणि पीसीवर आला पुढच्या वर्षी ऑक्टोबरात. मी खेळलो आत्ता, स्टीम या ऑनलाइन गेम-दुकानाच्या सेलमध्ये स्वस्तात दिसला म्हणून. माझा लॅपटॉप काही फार तगडा नाही, १६५० ग्राफिक्स कार्डवाला आहे, पण दहा वर्षांहून जुना गेम आहे तर मख्खन चालेल असं वाटलेलं आणि चाललाही, फुल एचडीला हाय सेटिंगवर बहुतेक वेळ सेकंदाला ६० फ्रेमच्या आसपास. फक्त सेटिंगमध्ये सुपरसॅम्पलिंग नावाचा एक पर्याय आहे त्याला हात लावू नका, लावला की लॅपटॉपचा पंखा असा ओरडायला लागतो की शेजारचे विचारतील मिक्सर चालू आहे का.

तर गोष्ट अशी. सुरुवातीलाच रोम जळतंय, ब्रिटनमधले बंडखोर थेट शहरात घुसलेत, आणि मारियस टायटस नावाचा रोमन सेनापती म्हाताऱ्या नीरो बादशहाला ओढत ओढत तळघरात नेऊन दार लावून घेतो. आणि मग तिथे बसून आपली कहाणी सांगायला लागतो. बाहेर मारामारी चाललीय आणि हा निवांत फ्लॅशबॅक सांगतोय, पण ठीक आहे, आपण हिंदी सिनेमा बघून मोठे झालोय, आपल्याला काय त्याचं. मारियसचं कुटुंब त्याच्या डोळ्यांदेखत मारलं जातं, मग तो चौदाव्या लीजनमध्ये, म्हणजे रोमन सैन्याच्या एका मोठ्या तुकडीत, भरती होऊन ब्रिटनला जातो सूड घ्यायला, आणि सूड नक्की कुणावर घ्यायचा हे त्याला हळूहळू कळत जातं. आपल्याला मात्र दुसऱ्या चॅप्टरलाच कळलेलं असतं.

दिसायला? बाबांनो, दिसायला हा गेम राजबिंडा आहे. क्रायटेकवाल्यांनी केलाय, ज्यांच्या क्रायसिस गेममुळे एकेकाळी अख्ख्या दुनियेचे कॉम्प्युटर रडले होते तेच हे लोक, आणि २०१४ मध्ये सिग्राफ या कॉम्प्युटर ग्राफिक्सच्या परिषदेत याला रिअल टाइम ग्राफिक्सचं बक्षीस पण मिळालंय. मी म्हणतो आजही निम्मे नवे गेम याच्यासमोर पाणी भरतील. चिलखताच्या चामड्यावरच्या सुरकुत्या, ढालीवर बसलेले ओरखडे, पावसात भिजलेला लाल कपडा, आणि चेहरे तर असे की बोलताना डोळ्यांच्या कडेचं कातडं हलतं. माझा मामेभाऊ शेजारी बसून भजी खात होता, त्याला पाच मिनिटं वाटत होतं की मी पिक्चर बघतोय. मी कंट्रोलर हलवला आणि मारियस वळला तेव्हा त्याच्या हातातलं भजं तसंच राहिलं.

सगळ्यात भारी चॅप्टर कुठला विचाराल तर ब्रिटनच्या किनाऱ्यावर उतरतात तो. जहाजं येतात, वरून बाण आणि आगीचे गोळे, वाळूत माणसं पडतायत आणि तुम्ही त्यातून वाट काढत वर चाललाय. आणि इथेच पहिल्यांदा कासव करायला मिळतं. म्हणजे सैनिक एकमेकांना चिकटून उभे राहतात, पुढच्यांच्या ढाली पुढे, मागच्यांच्या डोक्यावर, आणि हा सगळा ढालींचा डबा एक एक पाऊल पुढे सरकतो. रोमन लोक याला टेस्टुडो म्हणायचे, म्हणजे कासवच. समोरच्या धनुर्धाऱ्यांनी दोऱ्या ताणल्या की बटण दाबून धरायचं, ढाली वर, टपटपटप बाण आदळतात त्याचा आवाज हेडफोनमध्ये ऐकाच, आणि बाण संपले की ढाली खाली करून सगळ्यांनी एकदम भाले फेकायचे. साधं आहे, डोक्याला ताण नाही, पण अंगावर काटा येतो. पूर्ण गेममध्ये मला आपण रोमन सैन्यात आहोत असं फक्त या कासवाच्या जागांवर वाटलं, बाकी वेळ आपण एकटा हिरो आणि बाकीचे सैनिक म्हणजे वऱ्हाडी. आणि या जागा इतक्या कमी आहेत! आठ चॅप्टरमध्ये मोजून काही वेळा. अरे रोमची ताकदच ती होती ना, शिस्त, रांग, एकाने दुसऱ्याला झाकायचं. हाच भाग वाढवला असता तर आज लोक या गेमचं नाव काढून भाग दोन मागत बसले असते.

आता लढाई. इथे माझं आणि गेमचं वाजलं.

एक बटण तलवार, एक बटण ढालीचा धक्का, एक अडवायला, एक लोळण घ्यायला. शत्रूला पुरेसं झोडलं की त्याच्या डोक्यावर कवटीची खूण येते, मग ट्रिगर दाबायचा आणि सुरू होतो तो प्रकार ज्याच्या जाहिराती तुम्ही बघितल्या असतील, एक्झिक्युशन. सगळं स्लो मोशनमध्ये जातं, समोरचा निळा चमकला तर तलवारीचं बटण, पिवळा चमकला तर ढालीचं, आणि मग हात तुटणे, मान, पोट, जे काय असेल ते. लहान पोरं घरात असतील तर हेडफोन आणि दार दोन्ही लावा. पहिल्या तासाला मी वेडा झालेलो, दर वेळी नवीन पद्धत, एकदम दोघांना एकत्र संपवायची पण सोय. दुसऱ्या तासाला बरं वाटत होतं. तिसऱ्या तासाला मी चहाचा कप एका हातात धरून खेळत होतो, आणि तेव्हाच भानगड लक्षात आली. चुकून मी रंगाप्रमाणे बटण दाबलंच नाही, कप सांडेल म्हणून, तरी मारियसने त्या माणसाला पूर्ण साग्रसंगीत मारला! मग मुद्दाम करून बघितलं, चुकीचं बटण दाबलं, काहीच नाही दाबलं, तरी तो मरतोच. फरक इतकाच की बक्षीस कमी मिळतं. म्हणजे परीक्षेला पेपर कोरा दिला तरी पास, फक्त डिस्टिंक्शन नाही. एकदा हे कळलं ना की मग त्या निळ्या पिवळ्यातली सगळी गंमत गेली, कायमची.

बक्षिसाचं गणित मात्र चांगलं जमलंय, ते कबूल करतो. मारण्याआधी कंट्रोलरच्या बाणांवरून निवडायचं की यातून काय पाहिजे, जीव भरून पाहिजे, की पुढच्या वारांना जास्त जोर, की अनुभवाचे पॉइंट, की ते वेळ हळू करणारं फोकस. मरायला टेकलेलो असताना घाईत जीवाचा पर्याय लावून एकाला गाठायचं, यात खरी मजा आहे. सेंच्युरियन लेव्हलवर खेळलात तर ही निवड खरोखर करावी लागते, त्याच्या खाली खेळलात तर पहिल्यांदा लावलेला पर्याय शेवटपर्यंत तसाच राहतो. त्यामुळे सोप्यावर अजिबात खेळू नका, अवघड लावा, मरा दहा वेळा, तरच काहीतरी खेळल्यासारखं वाटेल.

आणि शत्रू! पाच सहा चेहरे, तेच परत परत. दोन कुऱ्हाडीवाला टकला मी किमान ऐंशी वेळा मारला असेल, एकाच आईला शंभर पोरं झाल्यासारखे, कौरवच म्हणा. कधी कधी एकाच वेळी दोन सारखे टकले समोर उभे राहतात आणि आपल्यालाच कसंतरी होतं.

एक कोल्हापुरी कुरकुर पण आहे. रोमन सैनिकाची तलवार, ग्लाडियस, ही आखूड असायची, मुख्य काम भोसकायचं. मोठ्या ढालीच्या आडून पुढे खुपसायची आणि परत आत, गर्दीत हात फिरवायला जागाच नसायची. आमचा मारियस मात्र ती अशी गरागरा फिरवतो की वाटतं हा पठ्ठ्या आमच्या इथल्या मर्दानी खेळाच्या आखाड्यातून दांडपट्टा शिकून गेलाय. दिसतं झकास, त्यात वाद नाही.

इतिहासाचं तर विचारूच नका, सगळी मिसळ आहे आणि वर तर्री. नीरो खरा मेला इसवी सन ६८ मध्ये, तिशीत, आत्महत्या करून. गेममध्ये तो पिकलेला म्हातारा आहे आणि त्याला दोन मोठी मोठी पोरं आहेत, बॅसिलियस आणि कॉमोडस. खऱ्या नीरोला एक मुलगी झालेली, ती पण तान्ही असतानाच गेली. कॉमोडस नावाचा बादशहा होता, पण तो मार्कस ऑरेलियसचा मुलगा, नीरोनंतर शंभर वर्षांनी. कलोसियम, म्हणजे रोममधला तो भलामोठा आखाडा, नीरो मेल्यावर बांधायला घेतलं आणि इसवी सन ८० मध्ये उघडलं, इथे ते आधीच उभं, त्यात खेळ पण चालू. ब्रिटनमधल्या बंडाची राणी बुडिका खरी होती, इसवी सन ६० किंवा ६१ मध्ये तिने रोमन लोकांचं लंडन जाळून टाकलं होतं, पण रोमच्या वेशीपर्यंत ती कधीच आली नाही, तिकडे ब्रिटनमध्येच हरली आणि संपली. आणि डॅमोक्लिस, ज्याच्या डोक्यावर घोड्याच्या केसाला बांधलेली तलवार लटकत होती तो, तो तर सिसिलीतल्या ग्रीक राजाचा दरबारी. त्याला इथे सूड घ्यायला परत आलेला रोमन योद्धा करून टाकलाय.

मजा म्हणजे मधेच दोन गोष्टी बरोबर पण लागल्यात. बुडिकाला खरंच ज्या सैन्याने हरवलं त्यात चौदावं लीजन होतं, तेच मारियसचं. आणि खऱ्या कॉमोडसला स्वतः आखाड्यात उतरून ग्लॅडिएटर बनायची भारी हौस होती, गेममधला पण तेच करतो. म्हणजे लिहिणाऱ्यांनी पुस्तकं वाचलेली आहेत, नंतर बाजूला ठेवलीत. मला याचा राग नाही आला, कारण गेम देवदेवतांनाच सरळ गोष्टीत आणतो, मग तारखा काय घेऊन बसायच्या. पण कुणी शाळेतलं पोरगं हा खेळून इतिहासाचा पेपर लिहायला गेलं तर अवघड आहे.

देवांवरून आठवलं, रोमचे गल्ली बोळ फिरताना जागोजागी मूर्ती दिसतात आणि मला सारखा आमचा पोसायडन आठवत होता. कोल्हापुरात ब्रह्मपुरीच्या टेकडीवर उत्खननात सापडलेली छोटीशी ब्राँझची मूर्ती, रोमन व्यापारातून इथवर पोचलेली, टाऊन हॉल म्युझियममध्ये आहे. शाळेच्या सहलीत बघितली तेव्हा काही कळलं नव्हतं, हा समुद्राचा देव पंचगंगेकाठी काय करतोय असं वाटलेलं. आता गेममध्ये तसलेच देव दहा दहा पुरुष उंच उभे बघितल्यावर परत एकदा जाऊन ती वितभर मूर्ती बघावीशी वाटली, ते एक या गेमने चांगलं केलं.

लांबी सहा सात तास, बस्स. दोन रात्रीत संपतो. काही जण यावरून बोंब मारतात, मी म्हणतो देवाची कृपा, कारण ही लढाई पंधरा तास ताणली असती तर मी अनइन्स्टॉल करून मोकळा झालो असतो. यावरून एक सल्ला, सलग खेळू नका. मी शनिवारी चार तास बसलो आणि वैतागलो, नंतर रोज रात्री जेवण झाल्यावर एक चॅप्टर असं केलं तर तोच गेम परत आवडायला लागला. एका वेळी पाऊण तास, एखादा चांगला लांब सीन बघितल्यासारखं. आणि कीबोर्डवर खेळायच्या भानगडीत पडू नका, हा कंट्रोलरसाठीच बनलेला गेम आहे, मित्राचा उसना आणा पण आणा.

संगीताबद्दल कुणी फारसं बोलत नाही म्हणून सांगतो. बोरिस्लाव स्लावोव हे नाव ओळखीचं वाटतंय? पुढे बाल्डर्स गेट ३ या गेमचं संगीत करणारा हाच माणूस, त्याने इथे दोघांसोबत काम केलंय. जंगलातल्या चॅप्टरमध्ये धुकं, झाडांवर लटकवलेली कसली कसली हाडं आणि मागून हळूच येणारा तो सूर, तिथे मी काही न मारता नुसता चालत होतो.

मोहीम संपल्यावर ग्लॅडिएटर मोड आहे, कलोसियममध्ये दोघांनी मिळून शत्रूंच्या लाटांवर लाटा मारायच्या, आखाड्याची जमीन मधेच बदलते, आत्ता वाळू होती तिथे किल्ला वर येतो, सापळे उघडतात. एक्सबॉक्सवर वेगळे विकलेले जादाचे पॅक पीसीवर सोबतच मिळतात हे बरं. पण ऑनलाइन जोडीदार शोधायला गेलो तर अर्धा तास कोणी भेटेना, कलोसियमभर प्रेक्षक आणि खेळायला मी एकटा. शेवटी एकट्यानेच दोन तीन आखाडे केले. चांगला टाइमपास आहे, पण हा मोड हवा म्हणून गेम घेत असाल तर सोबतीला एक मित्र आधी पटवून ठेवा, त्यालाही सेलमध्येच घ्यायला लावा.

पूर्ण किमतीला मी हा घेतला नसता. मोठी सूट लागली की घ्या, पंचवीसेक जीबी जागा रिकामी करा. मामेभाऊ अजून दर रविवारी येतो आणि तो किनाऱ्यावरचा चॅप्टर लाव म्हणतो, कासवापर्यंत खेळतो, भाले फेकून झाले की कंट्रोलर माझ्या हातात देतो आणि भजी मागतो.